पुढची नदी मागण्याआधी मुंबईने आपला हिशेब मांडावा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
आणि मुंबईतले सर्व नागरिक यांस

विषय : गारगाई धरण आणि मुंबईच्या वापराचा शहराबाहेर पडणारा ठसा

महोदय आणि मुंबईकर बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गारगाई नदीवर धरण बांधण्याचा प्रस्ताव पुन्हा पुढे सरकू लागला आहे. काही वर्षांपूर्वी तो बाजूला ठेवला होता. जंगल वाचवू, त्याऐवजी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करू, असे तेव्हा सांगण्यात आले. आम्हां धरणांच्या मुलखातल्या माणसांना त्या वेळी वाटले, शहर निदान विचार करायला तरी बसले. आता पुन्हा तेच नकाशे उघडले गेले आहेत. पालघर जिल्ह्याच्या वाडा तालुक्यात, ओगद्याजवळ, तानसा अभयारण्याच्या जंगलात हे धरण व्हायचे आहे. सहा गावांना त्याची झळ बसणार, लाखो झाडे जाणार आणि त्यातून मुंबईला रोज ४४ कोटी लिटर पाणी मिळणार.

हे पत्र मी नुसते टपालाने पाठवू शकले असते. उघड लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल मला बोलायचे आहे ती पालिकेच्या दप्तरात जितकी आहे तितकीच मुंबईच्या घराघरांतही आहे.

मी शहापूर तालुक्यात राहते. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला आणि आता निवृत्त आहे. माहेर आणि सासर दोन्ही याच तालुक्यातले, त्यामुळे तानसा, भातसा आणि वैतरणेच्या पाणलोटातच सगळे आयुष्य गेले. माझी मुलगी मुलुंडला राहते. तिच्या स्वयंपाकघरात नळ सोडला की आमच्याच डोंगरांवर पडलेला पाऊस येतो आणि त्याच पाण्यावर माझी नातवंडे वाढत आहेत. म्हणून मुंबईचे पाणी तोडा असे मी कधीच म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आणखी एक नदी मागण्याआधी, आजवर जे घेतले आणि त्याचे जे केले, त्याचा हिशेब शहराने सगळ्यांसमोर मांडावा. तो मांडला जात नाही, तोवर गारगाईला हात लावू नये.

आधी थोडा इतिहास. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. हे दोन्ही मुंबईच्या आतले, आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतले. १८९२ मध्ये तानसा धरण झाले आणि शहराची तहान आमच्या खोऱ्यांत आली. मग १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये इगतपुरीकडचे ऊर्ध्व वैतरणा, पुढच्या दशकात भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. या सात तलावांची एकूण साठवण साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे आणि त्यातली निम्मी एकट्या भातशाची. रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर, म्हणजे ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईला जाते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दिवसाला पावणेचार लाखांहून जास्त टँकर. टँकर हेच माप मी का धरले, ते पुढे येईलच.

शहर जे खाते, पिते, जाळते आणि टाकून देते त्या सगळ्यासाठी किती जमीन आणि किती पाणी लागते, हे मोजण्याची रीत जगात तीसेक वर्षांपूर्वी तयार झाली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांनी इकॉलॉजिकल फूटप्रिंटची, म्हणजे निसर्गावर पडणाऱ्या ठशाची, कल्पना मांडली. रीस यांचा प्रश्न साधा होता. एखाद्या शहरावर काचेचा घुमट ठेवला आणि बाहेरून काहीही आत येऊ दिले नाही, आतले काहीही बाहेर जाऊ दिले नाही, तर शहर किती दिवस जगेल? आणि ते कायम जगायचे असेल तर घुमट किती मोठा करावा लागेल? त्या मोठ्या घुमटाखालची जमीन म्हणजे शहराचा खरा आकार. नकाशावरची हद्द हा त्याचा लहानसा तुकडा असतो.

जगाचा असा हिशेब दरवर्षी होतो. पृथ्वी वर्षभरात जेवढे नव्याने देऊ शकते, त्याच्या पावणेदोन पटींच्या आसपास माणसे वापरतात. वर्षाचा वाटा संपण्याचा दिवस २०२५ मध्ये २४ जुलैला आला, तेव्हा आमच्याकडे भाताची लावणी चालू असते. भारतीय माणसाचा सरासरी ठसा जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, हेही त्याच हिशेबात दिसते. मात्र या मापात जमीन आणि समुद्र येतात, पाणी थेट येत नाही. म्हणून आर्येन हुक्स्ट्रा या डच संशोधकाने २००२ मध्ये पाण्याचा ठसा वेगळा मोजायची कल्पना मांडली. मुंबईबद्दल बोलायचे तर दोन्ही मापे लागतील.

शाळेत इंटरनेट आल्यावर मी मुलांकडून हा ठसा मोजून घेत असे. प्रश्न ठरलेले. मांस किती वेळा खाता? घर केवढे, किती माणसे राहता? गाडीने किती किलोमीटर जाता? वर्षात विमानाने किती तास? माझ्या वर्गात ठाकर, वारली, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी घरांतली मुले. बहुतेक उत्तरे शून्याच्या शेजारी. सगळे जग तुमच्यासारखे राहिले तर एक पृथ्वीही पुरी लागणार नाही, असे उत्तर यायचे आणि वर्ग खूश व्हायचा. एका वर्षी एका मुलीने विचारले, "बाई, आपला ठसा एवढा लहान, मग आपली जमीन कुणाच्या ठशात गेली?" त्या संगणकाकडे याचे उत्तर नव्हते. तो वापरणाऱ्याचा ठसा मोजतो, तो ठसा कुणाच्या शेतावर, कुणाच्या ओढ्यावर पडला हे सांगत नाही. त्या मुलीच्या आजोबांची भातखाचरे धरणाच्या पाण्याखाली आहेत. तिचा प्रश्न मी आज आपल्याला विचारते आहे.

आता तक्रारी सांगते. पहिली सगळ्यात मोठी आहे, तिला थोडा जास्त वेळ द्या.

आमच्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तरी मार्च उजाडला की पाड्यांवर टँकर सुरू होतात आणि मृग बरसेपर्यंत चालू राहतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. आमची जमीन म्हणजे काळा पाषाण, त्यावर वीतभर माती आणि तीव्र उतार. पाणी मुरायला जागा कमी, वाहून जायला उतार भरपूर. दिवाळीनंतर ओढे बारीक होतात, शिमग्यापर्यंत विहिरींचा तळ दिसतो. मग बाया नदीच्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीने हंडा भरतात. टँकर आला की तो विहिरीत ओततात आणि सगळा पाडा एकदम काठावर जमतो. दोर, कळशा, ढकलाढकल. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत वर्गातल्या मुली उशिरा यायच्या, तेव्हा मी कारण विचारणे सोडून दिले होते.

पाणी साठवता येईल अशा खोलगट जागा आमच्याकडेही होत्या. त्याच दऱ्यांमध्ये भाताची चांगली खाचरे होती आणि त्याच दऱ्या धरणांना गेल्या. भातशाच्या कालव्याने काही गावांची शेते भिजतात, हे मी नाकारत नाही. पण धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडांवर राहिलेल्या पाड्यांना त्याचा थेंबही मिळत नाही. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहे. इगतपुरीच्या भावली धरणातून आमच्या गावपाड्यांना पाणी आणायची योजना मंजूर झाली आणि तिची वाट पाहण्यात आमचे कितीतरी उन्हाळे गेले. भातसा, तानसा, वैतरणा दाराशी असताना आम्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या धरणाकडे डोळे लावून बसतो.

आणि मागणी केवढी आहे ते पाहा. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे. शहापूर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या थोडी वर होती. सगळ्यांना ५५ लिटर द्यायचे तर दिवसाला पावणेदोन कोटी लिटरच्या आत काम भागते. मुंबईच्या रोजच्या ३८५ कोटी लिटरमध्ये हे शंभरातले अर्धेही होत नाही. ज्या डोंगरांनी पाणी दिले त्यांच्या वाट्याला अर्धा टक्काही येऊ नये, हे मी मान्य करू शकत नाही. पाइप कुणी टाकायचा, खर्च कुणी करायचा, कुठले धरण राज्य सरकारचे आणि कुठले पालिकेचे, ही उत्तरे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्या उत्तरांचा उपयोग नसतो.

जून २०२४ मध्ये तलावांची पातळी घसरली म्हणून मुंबईत दहा टक्के पाणीकपात झाली. ती बातमी सगळ्या महाराष्ट्राने वाचली. तलावांत किती टक्के पाणी उरले याचा आकडा पावसाळा तोंडावर आला की रोज छापून येतो, आणि यावा. त्या आकड्याच्या शेजारी, त्याच तलावांच्या काठच्या किती पाड्यांना आज टँकर गेला, हा आकडाही छापा. एवढी एक ओळ मुंबईत रोज वाचली गेली तर पुष्कळ फरक पडेल, अशी माझी खात्री आहे.

दुसरी तक्रार गळतीची. मुंबईला पुरवलेल्या पाण्यापैकी एक-तृतीयांशाच्या आसपास पाणी गळती, चोरी आणि मोजमापाअभावी हिशेबाबाहेर जाते, असे अंदाज वर्षानुवर्षे जाहीर होत आले आहेत. रोजच्या ३८५ कोटी लिटरचा एक-तृतीयांश म्हणजे १२८ कोटी लिटर. गारगाईतून मिळणार ४४ कोटी. म्हणजे जवळजवळ तीन गारगाया मुंबईच्या जुन्या नळांत आणि मीटर नसलेल्या जोडण्यांत आधीच आहेत. सगळी गळती थांबत नाही, हे मलाही कळते. जमिनीखाली शंभर वर्षांचे नळ आहेत, वर रस्ते, इमारती आणि वाहतूक आहे. पण त्या गळतीचा तिसरा हिस्सा थांबवला तरी जवळजवळ एक धरण वाचते. जंगल तोडण्याची परवानगी मागणाऱ्या कागदावर हे गणित पहिल्या पानावर असायला हवे.

तिसरी तक्रार पाणी वापरून झाल्यानंतरची. भातशाचे पाणी पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून वीज लावून ते उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पुढे मुंबईत नेतात. एवढा खटाटोप करून पिण्याजोगे केलेले पाणी संडासात, गाड्या धुण्यात आणि बांधकामावर जाते आणि शेवटी नाल्यांतून, खाड्यांतून समुद्रात. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथे नवी मलजल केंद्रे उभी राहत आहेत, दिवसाला अडीच हजार दशलक्ष लिटरच्या जवळपास क्षमतेची. ती व्हायलाच हवीत. पण शुद्ध झालेले ते पाणी पुढे कुठे वापरणार, याची प्रत्येक केंद्राची बांधीव योजना लोकांपुढे आलेली नाही. नागपूर महापालिकेचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जाते. चेन्नईत कोयंबेडूला सांडपाणी इतके शुद्ध करतात की ते कारखान्यांना पुरवले जाते. मुंबईच्या बांधकामांना, बागांना, रेल्वेच्या डबे धुण्याच्या यार्डांना, रिफायनऱ्यांना वैतरणेचे गोडे पाणीच कशाला हवे?

पावसाचे पाणी साठवण्याचा नियमही मुंबईत नव्या मोठ्या इमारतींसाठी २००२ पासून आहे. माझ्या मुलीच्या सोसायटीतही त्यासाठी खड्डा आहे. त्यात माती भरली आहे आणि त्यावर आता झाडांच्या कुंड्या ठेवल्या आहेत. बाकी ठिकाणी काय आहे ते कुणीतरी जाऊन पाहिले पाहिजे.

चौथी तक्रार पाण्यापुरती नाही. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली कातकरी कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, पनवेलकडे. शेताची वरची सुपीक माती भट्टीत भाजली जाते, तिच्या इमारती होतात आणि त्या मुलांची शाळा सुटते. माझ्या हजेरीपटावर नोव्हेंबरपासून मेपर्यंत रिकाम्या रांगा असायच्या. वैतरणेच्या खाडीतून वाळू उपसली जाते. डोंगर फोडून खडी जाते. मुंबईच्या तबेल्यांसाठी आमच्याकडून गवत आणि पावळी, म्हणजे भाताचा पेंढा, गेली आणि कचरा परत शहराच्या गरीब टोकाला पडला. देवनारला जवळजवळ शंभर वर्षे कचरा टाकला जातो आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर सगळ्या शहराने श्वासात घेतला.

हे आजचे नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो टाटांच्या धरणाविरुद्ध. त्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली. पूर्वेकडे वाहणारी नदी पश्चिमेला वळवली गेली, मुळशी खोऱ्यातली भातशेती बुडाली. शंभर वर्षांनंतरही कुठली नदी कुणासाठी बुडवायची, हे ठरवताना बुडणाऱ्याला शेवटी विचारले जाते. मुरबाडच्या काळू नदीवरच्या धरणाचे काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झाले आणि उच्च न्यायालयाने ते थांबवले, ही तर परवाची गोष्ट.

पाचवी गोष्ट मुंबईकरांनाच सांगायची आहे. तुमच्यातही सगळ्यांचा ठसा सारखा नाही. इमारतीतल्या माणसासाठी १३५ लिटरचे आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटरचे माप पालिकेने चालवले. गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत बाई पैसे मोजून ड्रम भरून घेते आणि तिला पडणारा लिटरचा भाव टॉवरमधल्या माणसाच्या कितीतरी पट असतो. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की घर अनधिकृत असले तरी माणसाला पाण्याचा हक्क आहे. ३८५ कोटी लिटरला मुंबईच्या सव्वा कोटी लोकसंख्येने भागले तर माणशी तीनशे लिटरच्या आसपास येतात. कुठे जातात ते? गोवंडीला नाही, आमच्या पाड्यावरही नाही. गारगाई बांधून गोवंडीला पाणी मिळेल असे कुणी सांगत असेल, तर मध्य वैतरणा झाल्यावर तिथे किती वाढले ते आधी दाखवावे.

आमच्या बाजूने बोलताना मला मुंबईवर अन्याय करायचा नाही. दाटीने राहणारे, लोकलने जाणारे, छोट्या घरात चार माणसे राहणारे शहर माणशी वीज आणि इंधन कमी वापरू शकते. सगळी मुंबई बंगल्यांत आणि गाड्यांत पसरली असती तर तिने पुण्यापर्यंतची जमीन खाल्ली असती. लोकलच्या डब्यात लोंबकळणाऱ्या माणसाला मी जंगल तोडल्याचा दोष देत नाही. उसाला महाराष्ट्रात जे पाणी जाते त्याबद्दलही कुणी मला विचारील. तिथेही हाच हिशेब मागावा, मी सही करीन. पण एकाचा हिशेब बाकी आहे म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही.

"मग लोकसंख्या वाढली तर पाणी आणायचे कुठून?" हा प्रश्न खरा आहे. समुद्राचे पाणी गोडे करायला पुष्कळ वीज लागते, उरलेले खारट पाणी कुठे सोडायचे ही अडचण आहे, हेही मला माहीत आहे. त्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळणारच. प्रत्येक मार्गाचा काहीतरी ठसा आहे. म्हणून तर सगळे मार्ग एका कागदावर शेजारी शेजारी मांडा म्हणते आहे. गळती थांबवली तर किती खर्च आणि किती पाणी, सांडपाणी पुन्हा वापरले तर किती, पाऊस साठवला तर किती, मनोरी केली तर किती आणि गारगाई बांधली तर किती. गारगाईच्या खात्यात सिमेंट आणि पाइपाच्या किमतीबरोबर जंगल, माती, सहा गावे आणि त्या माणसांची पुढची पिढी, हे सगळे धरा. मग लोकांना ठरवू द्या.

न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये आपल्या पाणलोटातल्या गावांशी करार केला. पाणी गाळायचा अवाढव्य कारखाना बांधण्याऐवजी शहराने डोंगरातली जमीन जपण्यासाठी आणि तिथल्या गावांच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी पैसे दिले. जिथून पाणी येते तिथली माणसे धड राहिली तरच पाणी धड राहते, हे त्या शहराने हिशेबाने ओळखले. मुंबईने तानसाचे पाणी घेतल्याला सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. असा एकही करार आमच्या गावांशी झालेला नाही.

आता मागण्या मांडते. त्या लेखी आहेत, लेखी उत्तर द्यावे.

१. खालच्या सर्व मागण्यांचे उत्तर जाहीर होईपर्यंत गारगाई प्रकल्पातले एकही झाड तोडू नये आणि एकाही गावाला स्थलांतराची नोटीस देऊ नये.

२. पालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते आणि २०२२ मध्ये तिने हवामान कृती आराखडाही केला. पुढच्या वर्षापासून त्या अहवालात मुंबईच्या बाहेर पडणाऱ्या ठशाचे स्वतंत्र प्रकरण असावे. पाणी कुठल्या खोऱ्यातून किती आले, वाळू, खडी आणि विटा कुठून आल्या, वीज कुठे तयार झाली, कचरा आणि सांडपाणी कुठे गेले, आणि त्या त्या ठिकाणी त्याचा काय परिणाम झाला. प्रकरण मराठीत, साध्या शब्दांत असावे आणि पाणलोटातल्या ग्रामपंचायतींना त्याच्या प्रती मिळाव्यात.

३. गळती आणि हिशेबाबाहेरच्या पाण्याचा आकडा प्रभागवार, दर तीन महिन्यांनी जाहीर करावा. कमी करण्याचे लक्ष्य आणि त्याची तारीख बांधून घ्यावी.

४. सातही नव्या मलजल केंद्रांतून शुद्ध झालेले पाणी कोण, किती, कधीपासून वापरणार, ते जाहीर करावे. मोठी बांधकामे, गाड्या धुण्याची केंद्रे आणि बागा यांना पिण्याचे पाणी देणे टप्प्याटप्प्याने बंद करावे.

५. सातही तलावांच्या पाणलोटातल्या प्रत्येक गावपाड्याला बारमाही नळाचे पाणी, माणशी किमान ५५ लिटर, हा मुंबईच्या पाण्याआधीचा हक्क मानावा. त्यासाठी पालिका, राज्य सरकार आणि जिल्हा परिषद यांनी एकत्र बसून खर्चाची वाटणी ठरवावी आणि काम संपायची तारीख सांगावी.

६. मुंबईत वापरल्या जाणाऱ्या दर हजार लिटरमागे ठरावीक रक्कम पाणलोट निधीत जावी. गरीब वस्त्यांना त्यातून वगळावे, जास्त वापरणाऱ्यांवर जास्त दर लावावा. निधी ग्रामसभांच्या ठरावाने जंगल, माती आणि ओढे सांभाळण्यासाठी, आणि भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना गावातच काम मिळण्यासाठी वापरावा.

मुंबईकरांकडे एक वेगळे मागणे आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत तीन गोष्टी विचारा. आपल्याकडे रोज किती लिटर पाणी येते, पावसाच्या पाण्याचा खड्डा चालू आहे का, आणि संडासाच्या टाकीत पिण्याचे पाणी जाते का. उत्तरे तुमच्या नगरसेवकाला कळवा, आणि गारगाईच्या प्रश्नावर त्याचे मत काय ते लेखी घ्या. तुमच्या सहीचे वजन आमच्या मोर्च्यापेक्षा जास्त पडते, हे आम्ही इतक्या वर्षांत पाहिले आहे.

शहापूर, वाडा, मोखाडा किंवा इगतपुरी, कुठल्याही गावात पालिकेने या विषयावर जनसुनावणी घ्यावी. ती मे महिन्यात घ्यावी आणि अधिकाऱ्यांनी त्या गावात एक रात्र मुक्काम करावा. जेवणाची आणि राहण्याची सोय आम्ही करू.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
शहापूर तालुका, जिल्हा ठाणे